गाडी कशी वाजते ते लिही

धुळे,
४ नोव्हेंबर २०२४

अमृत मास्तर,

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. चार पानांपैकी तीन आकाशकंदिलावर होती. तब्येतीवर एकच ओळ, तीही 'ठीक' एवढीच. बरं.

काम सांगतो. मेघानं फोनवर एक जाहिरात दाखवली. नशिराबादला महामार्गालगत एक जुनी घरगाडी विकायची आहे. मोठ्या प्रवासी गाडीतली बाकं काढून आत दोन पलंग, शेगडी, बेसिन बसवलंय. मालकीणबाईंचं नाव पुष्पाबाई. तू जळगावात आहेस, रिक्षानं जा आणि बघून ये. मी स्वतः आलो असतो, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर प्रवास बंद.

मला गाडी कशाला, असं विचारशील. दीपनगरच्या टर्बाइनशेजारी आयुष्य काढलं, त्यात कान गेले, हे तुला ठाऊक आहे. मुलगा चांगला आहे, सून मेघा तर लेकीसारखी आहे. पण घरात बठ्ठा, सगळेच, बोलतस, तोंडं हालतस, आणि मी मधोमध बसून अंदाजानं हसतो. एकदा दुखवट्याच्या घरीही हसलो. तेव्हापासून वाटतं, जरा रस्त्यावर राहावं. तिथं झाडं काही बोलत नाहीत, त्यामुळे चुकायची भीती नाही. मुलताईला तापी उगम पावते तिथून डुमसला समुद्रात जाते तिथपर्यंत, काठाकाठानं. पाचवीत आपण दोघांनी मिळून नकाशा काढला होता, तोच.

माझा साडू झुलाल म्हणतो, घे. तो ट्रकवर होता, त्याला कळतं.

गाडीखाली वाकून बघ. कविता करू नकोस.

प्रेमराज


जळगाव,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमराज,

तुझं पत्र आलं त्या दिवशी पोस्टमन दारातच म्हणाला, "सर, अख्ख्या गल्लीत हातानं लिहिलेलं पत्र फक्त तुम्हाला येतं." मला उगीचच सत्कार झाल्यासारखं वाटलं. बाकी माझ्या दाराची कडी कोण वाजवणार? शेजारच्या सुनंदाबाई तेवढ्या संध्याकाळी डोकावतात, तेही मी आहे ना, हे बघायला.

काल नशिराबादला गेलो. गाडी एका कडुनिंबाखाली उभी आहे. पांढरी, खिडक्यांखालून निळा पट्टा. खरं सांगू? शाळेच्या तपासणीला साहेब येणार म्हणून धुऊन-पुसून रांगेत उभ्या केलेल्या मुलासारखी ती मला दिसली. पडदे पिवळ्या फुलांचे. पुष्पाबाई ते दर महिन्याला काढून धुतात आणि पुन्हा लावतात. त्यांच्या यजमानांनी सारी गाडी स्वतःच्या हातानं बांधली, सुतारकामही त्यांचंच. गाडी पुरी झाली आणि माणूस खचला. ते जाण्याआधी दोघांची एकच फेरी झाली, पद्मालयापर्यंत. "तिथं कमळं होती का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काय माहीत. आम्ही गाडीतच बसून चहा करत राहिलो. इतका छान लागत होता."

आत दोन पलंग आहेत, समोरासमोर. मधे एक घडीचं टेबल. बेसिनच्या वर आरसा आहे, पण इतका खाली की मला माझी फक्त हनुवटी दिसली. मग कळलं, तो पुष्पाबाईंच्या उंचीला लावलेला आहे. प्रेमराज, मी त्या आरशापुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. सुलक्षणा असती तर तिलाही तो बरोबर झाला असता. तिला आमच्या घरातला आरसा कायम उंच पडायचा आणि मी कायम म्हणायचो, उद्या खिळा खाली ठोकतो. आता तो आरसा माझ्या उंचीला अगदी योग्य आहे. त्याचं काय करू?

आणि पाचवीची आठवण काढलीस म्हणून सांगतो. नदीची ती कविता आठवते? गुरुजी हातानं ताल धरून म्हणायचे ती? शेवटचं कडवं त्यांनी शिकवलंच नाही. परीक्षेला येणार नाही म्हणाले आणि फळा पुसला. पुढे मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण ते पुस्तक पुन्हा हाती आलं नाही. त्यामुळे ती नदी समुद्राला मिळाली की नाही, हे तुला-मला अजून माहीत नाही.

गाडीखाली वाकलो नाही. धोतर नवं होतं.

तुझा,
अमृत


धुळे,
१६ नोव्हेंबर २०२४

मास्तर,

तुझं पत्र मेघानं वाचलं आणि तिचे डोळे भरले. मग मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. अरे, मी गाडी बघायला सांगितलं, तू आरसा बघून आलास!

पुन्हा जा. जुनं धोतर नेस. पाऊस झालाय तिकडे, हे चांगलंच आहे. छतावरच्या खिडकीच्या कडेला हात फिरव, ओल लागते का बघ. चाकांच्या वर, पत्रा जिथं वळतो, तिथं बोटानं दाब. कुरकुरलं तर गंज. आरसी बुकावर आतला बदल नोंदवलेला आहे का, विचार. नसला तर पोलीस प्रत्येक नाक्यावर त्या घडीच्या टेबलाशी पाहुणचार घेतील.

आणि मुख्य काम. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला सांग. जवळ उभा राहा आणि ऐक. मी आलो तरी मला काय ऐकू येणार? कानात मशीन घातलं की समोरचा माणूस कळतो, बारीक आवाज नाही. तुझे कान आजही शाबूत आहेत. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजलं ते तू फळ्याकडे तोंड करून ओळखायचास. तेव्हा गाडी कशी वाजते ते लिही. धूर पांढरा, काळा की निळा, तेही.

डावी सीट नीट तपास. बसून बघ. म्हाताऱ्याच्या पाठीला चालेल अशी पाहिजे. तिथं बराच वेळ बसायचं आहे.

डोळा सुधारतोय. परवा मेघाचा चेहरा स्वच्छ दिसला. पोरगी दमलेली दिसते.

प्रेमराज


जळगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमराज,

तुझ्या आज्ञेप्रमाणे जुनं धोतर नेसून, गुडघ्याखाली गोणपाट टाकून मी गाडीखाली वाकलो. पुष्पाबाई म्हणाल्या, "सर, उठता येईल ना?" तो प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी मिळून मला उभं केलं.

आता गाडीचा आवाज. सुरू केल्यावर ती आधी थरथरली, मग लयीत आली. मी डोळे मिटून मात्रा मोजल्या. धम्, धम्, धम्, तीन ठोके पुरे वजनाचे, आणि चौथ्या जागी नुसता श्वास. पुन्हा तीन पुरे, चौथा गिळलेला. एखादा मुलगा पाठ केलेली ओळ म्हणतो, शेवटचं अक्षर त्याला आठवत नाही, पण ताल मोडू नये म्हणून तो तिथं ओठ मिटतो ना, तसं. वेग वाढवला की चूक झाकली जाते, घाईनं म्हटलेल्या कवितेसारखीच. धूर आधी पांढरा होता, मग विरळ झाला. निळा दिसला नाही.

बाकीचं लिहायला मन घेत नाही, पण खरं ते लिहिलं पाहिजे. पडदे मागच्या वेळी वाटले तेवढे चांगले नाहीत. फुलांचा रंग उडालाय. छतावरच्या खिडकीशी किंचित ओल लागली. चाकावरचा पत्रा कुरकुरल्यासारखा वाटला. आरसी बुकावर नोंद आहे, पण अक्षर फार बारीक आहे. एकंदरीत गाडीवर वयाची छाया पडली आहे. तुझ्या जागी मी असतो तर दहा वेळा विचार केला असता.

डावी सीट रुंद आहे, टेकायला बरी आहे. झुलालभाऊंच्या पाठीला चालेल.

तुम्ही दोघं कधी निघणार आहात?

अमृत


धुळे,
२९ नोव्हेंबर २०२४

मास्तर,

शाबास! तुझ्या कवितेचा आयुष्यात पहिल्यांदा मला उपयोग झाला. चारांतला एक ठोका गिळतो, धूर पांढरा, वेगात झाकलं जातं. म्हणजे एका सिलिंडरला डिझेल नीट पोहोचत नाही. नोझल साफ केलं की झालं. निळा धूर असता तर मी हात जोडले असते. इंजिन चांगलं आहे. तुझं पत्र मी इथल्या मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे लिहिणारे मिस्त्री कुठे बसतात?" मी म्हटलं, बसत नाहीत, वाकतात, आणि मग दोघांनी उचलावे लागतात.

पण एक सांग. पहिल्या पत्रात पडदे छान होते, दुसऱ्यात रंग उडाला. पहिल्यात गाडी धुतलेल्या मुलासारखी, दुसऱ्यात तिच्यावर वयाची छाया. दोन आठवड्यांत एवढी म्हातारी झाली? पत्रा 'कुरकुरल्यासारखा वाटला' म्हणजे काय? कुरकुरला की कुरकुरला नाही? आणि आरसी बुकाचं अक्षर बारीक असतं, हा गाडीचा दोष कधीपासून झाला?

तुला काय झालंय, ते लिही. गाडीचं नंतर बघू.

तुना
प्रेमराज


जळगाव,
६ डिसेंबर २०२४

प्रिय प्रेमराज,

पत्रा कुरकुरला नाही. मी दाबून पाहिला, तो घट्ट आहे. पडदेही पहिल्यासारखेच आहेत. ओल लागली हे मात्र खरं, पण थोडीशी.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडले. हा तिसरा.

असं बघ. तू गाडीत बसून निघालास की तुला पत्र कुठे पाठवू? 'प्रेमराज, तापीचा काठ' एवढ्यावर पोस्टखातं पत्र देत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून तर आपली ही पत्रं सुरू झाली. तुझे कान गेले याचं मला वाईट वाटायला हवं, आणि वाटतंच, पण त्यामुळे महिन्याला दोनदा माझ्या दाराशी कुणी थांबतं. तुझं पत्र आलं की मी ते लगेच उघडत नाही. आधी चहा ठेवतो. दोन कप ठेवायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून दुसरा कप भरतो आणि पत्र त्याच्याशेजारी ठेवतो. मग वाचतो. सुनंदाबाईंनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजी आणून दिली.

म्हणून पडदे जुने झाले. कारण एवढंच.

आता मुद्द्याचं. भुसावळचं एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याच्या शेवटी गाडी बघायला येणार आहे. पुष्पाबाई म्हणतात, तुमचा शब्द आधी; पण त्यांनाही किती थांबवायचं? तुझ्या डोळ्याला परवानगी मिळाली असली तर एकदा तू स्वतः यावंस, असं मला वाटतं, येतोस का? नाहीतर गाडी घ्यायची की नाही ते सांग, आणि व्यवहार कोणत्या दिवशी करायचा तेही. लांब लिहू नकोस. कार्डावर एखादा शब्द पुरे.

झुलालभाऊ बरोबर आहेत याचं समाधान आहे. रस्त्यावर सोबत हवीच.

अमृत


(पोस्टकार्ड)

धुळे,
१० डिसेंबर २०२४

येस. शनिवारी.

प्रेमराज


जळगाव,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय प्रेमराज,

तुझं कार्ड मिळालं. एक शब्द मागितला तर तू इंग्रजीतला दिलास. असो. तेवढ्यात काम झालं.

काल शनिवार. सकाळीच घराला कुलूप लावून नशिराबादला गेलो आणि तुझ्या वतीनं पुष्पाबाईंना शब्द दिला. त्यांनी साखर दिली हातावर. भुसावळकरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, शेवटचं एकदा गाडीत चहा करू?" मी हो म्हटलं. आम्ही दोघं समोरासमोरच्या पलंगांवर बसून चहा प्यालो. त्या त्यांच्या माणसाशेजारी बसल्या होत्या आणि मी माझ्या. निघताना त्यांनी आरशावर पदर फिरवला. म्हणाल्या, "नव्या मालकांना सांगा, उंच लावून घ्या म्हणावं." मी म्हटलं, "सांगतो." पण तू तो तिथंच राहू दे, जमलं तर.

तिथून उठवेना. परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुनंदाबाईंनी सांगितलं, एक म्हातारे गृहस्थ येऊन गेले. काळा चष्मा, हातात पिशवी. त्या विचारत होत्या, कोण तुम्ही, कुठून आलात, तर ते नुसते हसत होते. "नशिराबादला गेलेत" असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं, तरी ते ओट्यावर बसूनच राहिले. मोबाइलवर लिहून दाखवलं तेव्हा वाचलं, मान हलवली आणि निघून गेले. विम्याचा माणूस असावा, किंवा कुठल्या आश्रमाची पावती फाडणारा. हल्ली एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी असे बरेच येतात. दाराशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पुडी होती. ती गिरणीवाल्यानं चुकून ठेवली असेल. मी उचलून कट्ट्यावर ठेवली आहे, कुणी मागायला आलं तर देईन.

गाडी न्यायला तुम्ही दोघं याल तेव्हा महामार्गानं सरळ नशिराबादला जा. माझं घर आत पडतं, गल्लीत एवढी मोठी गाडी वळणार नाही. मीही त्या दिवशी घरी असेन-नसेन. सावकाश चालव. चौथ्या ठोक्याकडे लक्ष ठेव. आणि समुद्राला पोहोचलास की तिथून एक कार्ड टाक, म्हणजे त्या नदीचं पुढे काय झालं ते मला कळेल.

तुझा,
अमृत


धुळे,
१९ डिसेंबर २०२४

अरे मास्तर, मास्तर, मास्तर!

तुझं पत्र मेघानं वाचलं आणि ती हसता हसता खाली बसली. मी वाचलं आणि मला हसू येईना.

अरे, पांझरेच्या काठी जन्मलास ना तू? तुझी माय तुला काय इंग्रजीतून हाका मारायची? येस म्हणजे येतो! मी येस, तू येस, तो येस! तू विचारलंस "येतोस का?", मी म्हटलं, येस, शनिवारी. आपली बोली रे! आयुष्यभर जळगावात पोरांना शुद्ध मराठी शिकवलंस, आणि त्यात स्वतःच्या घरचा शब्द परक्याचा वाटायला लागला? मी सातवी पास, मी तुला इंग्रजीत कार्ड लिहीन?

तो विम्याचा माणूस मी होतो. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा माझा. पीठ मेघानं दळलंय तुझ्यासाठी, तिला कळलं की तू पाव खाऊन दिवस काढतोस. गिरणीवाल्याला देऊ नकोस, भाकरी करून खा.

एसटीतून उतरलो तेव्हा वाटलं होतं, तू दारात उभा असशील. कार्ड टाकलं होतं ना. दाराला कुलूप दिसलं. मशीनची बॅटरी वाटेतच संपली होती. ती बाई बोलत होती आणि मी हसत होतो. ती माझी जुनी रीत. तिनं लिहून दाखवलं, 'नशिराबादला गेलेत', तेव्हा वाटलं, मी येणार हे माहीत असून मास्तर निघून गेला. म्हणजे त्याला भेटायचं नाही. ओट्यावर बसलो होतो तिथून खिडकी दिसत होती. आत टेबलावर दोन कप पालथे घातलेले दिसले. मग उठलो. निघताना त्या बाईला म्हटलं, "येस." आपल्याकडे उठून जाणारा तेच म्हणतो. लहानपणी मी शाळेत निघालो की माय दारातून ओरडायची, "जास म्हनू नको, येस म्हन!" तर ती बाई माझ्याकडे बघून गोड हसली. तिलाही वाटलं असेल, म्हातारा इंग्रजी फाडतोय.

आता डाव्या सीटचं ऐक. ती झुलालची नाही. झुलालला हल्ली गाडीत चांदवडच्या अलीकडेच उलट्या होतात, तो ओसरीवर बसून सल्ले देतो तेवढंच. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे तुला कुणी सांगितलं नाही का? मी उजवीकडे बसणार. मला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असा कागद दिलाय, पण मी मेघाला शब्द दिलाय, शेजारी चांगल्या कानाचं माणूस असल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही. मागून हॉर्न वाजला की त्यानं माझ्या मांडीवर थाप मारायची. एवढंच काम. तू ताल धरायचास ना गुरुजींसारखा, तसा.

'म्हाताऱ्याच्या पाठीला चालेल का' लिहिलं तेव्हा वाटलं होतं, मास्तर ओळखेल, कोणता म्हातारा ते. तोंडानं विचारायची हिंमत झाली नाही. तू वहिनींच्या घराला सोडून दोन रात्रीही कुठे राहिला नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून स्वतः येऊन, तुला त्या सीटवर बसवून, मग विचारणार होतो.

आता पत्रातच विचारतो. तू नाही म्हणालास तर पुष्पाबाईंना मी हात जोडीन, भुसावळकरांना परत बोलवीन. रागावणार नाही. गाडी माझी नाही, आपली आहे. नाहीतर कुणाचीच नाही. शेवटचं कडवं समुद्रावर बसून तूच रच. मला ऐकू येणार नाही, लिहून दे.

आणि तुला पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्न मिटला. मधे फक्त ते घडीचं टेबल आहे.

येशी का, अमृत?

प्रेमराज


(पोस्टकार्ड)

जळगाव,
२३ डिसेंबर २०२४

येस.

हे इंग्रजी नव्हे. कुलूप लावताना घरालाही हेच सांगेन.

अमृत